पुन्हा कधी यायचं?

आडनाव सांगितलं आणि डॉक्टरांची मराठी आटली.

त्याआधी "या, बसा," म्हणाले होते. मूळचे कुठले, विचारलं होतं. "भंडाऱ्याकडचा जी, आता इथंच रांझीत," मी म्हणालो. बायको गेल्यापासून माझ्या घरात मराठी बोलणारं कुणी उरलेलं नाही. मुलगी फोनवर हिंदीतच बोलते. जबलपुरात आपल्या भाषेतला डॉक्टर भेटला म्हणून मी हुरळलो होतो. मूर्खासारखा. मग आडनाव. मग खुर्ची जरा मागे सरकली.

"हाँ, बताओ. क्या तकलीफ है?"

जी जात नाही ती जात, म्हणतात. परमुलखात तरी लोक ती विसरतील, असं मला वाटलं होतं.

दुर्बीण घालून त्यांनी माझ्या आतड्यातला कोंब, पॉलिप म्हणतात तो, काढला. बाहेर बाकावर पोट धरून बसलो. सोबत कुणी नाही. शेजारी सिव्हिल लाइन्सच्या एक काकू. त्यांचाही तसाच कोंब काढलेला. डॉक्टर त्यांच्याजवळ आले.

"काकू, हे कोंब पुन्हा येतात. वाढू दिले तर कॅन्सर होतो. तीन वर्षांनी दुर्बीण करायचीच. विसरायचं नाही हं."

मग माझ्याकडे न बघता, "तुम जाओ. सब ठीक है."

"मले नाही यायचं का पुन्हा?"

"तुम लोग दुबारा आते कहाँ हो? बताके क्या फायदा?"

कंपाउंडर हसला. काकू पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. मी यांचं काय घोडं मारलं होतं?

माझे बाबा आतड्याच्या कॅन्सरनेच गेले. त्यांनाही असंच "सब ठीक है" म्हणून घरी पाठवलं होतं. वरून बाबांनीच त्या डॉक्टरांना हात जोडले होते. मी शेजारीच उभा होतो, गप्प.

मी उठलो. रडू येत होतं, रागही.

"डॉक्टर, माहा बाप यानंच मेला. काकूले सांगून राहिले, मले काहून नाही? कवा यायचं ते सांगा. तोवर मी इथून हलत नाही."

"भैया, शांति से," कंपाउंडर म्हणाला. मी डॉक्टरांच्या खोलीचं दार अडवून उभा राहिलो. सगळे बघत होते.

"तीन साल," डॉक्टरांनी शब्द फेकला. मी उचलला.

घरी येऊन ढसाढसा रडलो. विचारायला कुणी नव्हतं. मग तोंड धुतलं आणि मुलीला फोन केला. म्हटलं, आजोबांना कॅन्सर होता, मला कोंब निघाला, तूही तपासून घे. काय करायचं ते डॉक्टर पुरतं सांगेपर्यंत उठू नकोस.

मला त्या डॉक्टरांची माया नको. माझा जीव कशाने वाचतो ते सांगणं हा उपकार नाही, त्यांचं काम आहे. तीन वर्षांनी मी त्याच दारात जाणार. तेव्हाही एकटाच असेन. तरी जाणार.