पोटखराबा

परवा बंदरावर पांडूतात्या भेटले. होडीतून उतरल्यावर सवयीने कपाळावर आडवा हात धरून ते टेकडीकडे बघत राहिले. तिथे आता नुसतं आभाळ होतं.

त्या टेकडीवर दुमजली घराएवढा काळा खडक होता. समुद्रातून परतताना तो दिसला की खाडीचं तोंड सापडायचं. टेकडी विकली गेली, हॉटेल येणार असं कळलं, तेव्हा तात्यांनी घरोघर फिरून सह्या घेतल्या. अर्ज द्यायला तहसील कचेरीत मीही सोबत गेले होते. साहेबांनी सातबारा उघडला.

"यात खडक कुठाय? पोटखराबा लिहिलाय. म्हणजे निरुपयोगी जमीन."

"साहेब, माझा बाप त्याच्याकडे बघून घरी यायचा," तात्या म्हणाले.

साहेबांनी अर्ज ठेवून घेतला. आठवड्याभरात सुरुंग लागले.

'निरुपयोगी' हा शब्द मला अजून टोचतो. गावाने पिढ्यान्पिढ्या ज्याच्या भरवशावर माणसं समुद्रात पाठवली, त्याला कागदावर नावसुद्धा नव्हतं.

"तात्या, आता कसे येता हो?" मी विचारलं.

"मुलगा मोबाईलवर बघतो. काल एकटाच गेलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "खाडी मागेच राहिली. दुसऱ्याच बंदराला लागलो. तिथल्या लोकांना विचारलं, आमचं गाव कुठे?"