माहिती सांगता आली नाही

मी चिडकी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला उगीच चांगलं समजायला नको. माझी सगळी नोकरी नागपुरातल्या सरकारी कार्यालयांत झाली. शेवटची काही वर्षं मी जिथं होते तिथं आदिवासींच्या जमातीच्या दाखल्यांची पडताळणी व्हायची. हातात दाखला असला तरी तो खरा की खोटा ते आम्ही ठरवायचं, आणि आम्ही खरा म्हटल्याशिवाय राखीव जागेवर ना प्रवेश ना नोकरी. खोटे दाखले काढणारे होते, नाही असं नाही. त्यांना पकडायलाच आम्ही बसलो होतो. पण पकडता पकडता आम्हाला सगळेच चोर दिसायला लागले, आणि मला जरा जास्तच.

जुने कागद असले तर काम सोपं. आजोबाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘गोंड’ लिहिलेलं सापडलं की फाइल मोकळी. पण ज्याचा आजोबा शाळेची पायरीच चढला नाही त्यानं कागद आणायचा कुठून? अशा वेळी आमचं पथक घरी जायचं. छापील प्रश्नावली असायची. तुमचे देव किती, लग्नात काय करता, माणूस गेला की काय करता. उत्तरं जमातीच्या रीतीशी जुळली तर माणूस खरा. अर्जदार मुलगी असली की सोबत बाई लागायची, म्हणून मला जीपमध्ये कोंबत.

त्या दिवशीही असंच झालं. पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले होते. देवलापारच्याही आत, सागाच्या जंगलातलं गाव. आमचे साहेब पुढे, मी मागे, आणि रस्ता असा की कंबरेचे टाके ढिले व्हावेत. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात सरपंचबाई आमची वाट पाहत होत्या. त्या स्वतः गोंडच, चाळिशीतल्या, हातात पंचायतीचं रजिस्टर.

“बसा जी,” त्या म्हणाल्या, “पोरगी घरी आहे. लय हुशार आहे. आमच्या गावातून डॉक्टरकीले जाणारी हेच पहिली.”

सरकारी मेडिकल कॉलेजात तिचा नंबर लागला होता. पण ठरलेल्या तारखेच्या आत आमचं प्रमाणपत्र दिलं तरच जागा टिकणार होती. तारखेला महिनाभर होता. बाप तीन वर्षांपूर्वी वारलेला. आजोबा-पणजोबांचा एकही कागद नाही. सगळं आमच्या प्रश्नावलीवर येऊन थांबलं होतं.

मुलगी अंगणात सतरंजी टाकून तयार बसली होती. सहावीपासून नागपूरच्या वसतिगृहात राहिलेली. बोलायला लागली तर अगदी स्वच्छ, पुस्तकातली मराठी. साहेबांनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली. “हिची भाषा तर आपल्यासारखी आहे,” ते हळूच म्हणाले. आता काय म्हणावं! आम्हीच पोरीला घरातून उचलून वसतिगृहात घालायचं, ‘मले-तुले’ बोलली की हसायचं, आणि ती आमच्यासारखं बोलायला शिकली की म्हणायचं, ही गोंड कशावरून? हे मला आज सुचतंय. तेव्हा मीही मान डोलावली होती.

देव किती ते तिनं सांगितलं, सहा. लग्न कोणाशी चालतं, कोणाशी नाही, तेही सांगितलं. मग मी पुढचा प्रश्न वाचला. देवाच्या ठिकाणी काय काय ठेवलेलं असतं, आणि त्यांची नावं काय?

तिनं आईकडे पाहिलं. आईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

“आम्ही तिथं जात नाही,” मुलगी म्हणाली.

“काहून?” मी विचारलं.

“आमच्या घराण्यात पोरींनी तिथं जायचं नसतं. आत काय आहे ते विचारायचंही नसतं. काकांना माहीत आहे.”

“मॅडम,” आई मधेच म्हणाली, “मले बी माहीत नाही जी. बाईच्या कानावर ते घालतच नाही.”

त्या आठवड्यात मी नाना तऱ्हेच्या सबबी ऐकल्या होत्या. एकानं सांगितलं होतं देव पुरात वाहून गेले, दुसऱ्यानं सांगितलं होतं आजीला विसर पडला. मला वाटलं, ही त्यातलीच. वर ऊन तापलेलं, पाठ दुखत होती, आणि परत जाताना पुन्हा तोच रस्ता. उत्तराच्या रकान्यात मी लिहिलं : ‘माहिती सांगता आली नाही.’ पोरगी काय बोलली ते मी लिहिलं नाही. तिची आई काय बोलली तेही नाही. चार शब्दांत विषय संपवला आणि पान उलटलं.

जीपमध्ये चढताना सरपंचबाई धावत आल्या. “साहेब, तिचा काका भिवापूरकडे गेला आहे, मिरची लावाले. आमची धानाची रोवणी आटोपली की आमचे लोक तिकडं जातात. आठ रोजात येते. त्याले विचारा ना.”

“आठ दिवस थांबायला आम्हाला दुसरं काम नाही का?” साहेब म्हणाले. मी जीपमध्ये जाऊन बसले. तो काका गावात नव्हता एवढं तरी मला लिहिता आलं असतं. तेही लिहिलं नाही.

अहवाल टाइप झाला. शेवटी आमचं ठरलेलं वाक्य : अर्जदाराचा जमातीशी आप्तभाव दिसून येत नाही. म्हणजे, ही त्यांच्यातली नाही. मुलीला नोटीस गेली, सुनावणीची तारीख पडली.

सुनावणीला ते सगळे सकाळीच आले. सरपंचबाई, मुलगी, भिवापूरहून परतलेला काका आणि दोन म्हातारे. पहाटेची एसटी धरून आलेले. सरपंचबाईंनी ग्रामसभेचा ठराव आणला होता. अख्ख्या गावानं हात वर करून मंजूर केलेला, की हे घर आमचंच आहे, पिढ्यान् पिढ्या आमच्यातलं आहे. खाली सह्या आणि अंगठे, पानं भरून. साहेबांनी तो ठराव उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, ग्रामसभा ठराव करते म्हणून कोणाची जमात ठरत नाही.

“मंग कोण ठरवते जी?” सरपंचबाईंनी विचारलं. “आमी कोण आहो ते आमी नाही सांगाचं, तर कोणं सांगाचं?”

साहेब हसले. काका पुढे झाला, म्हणाला, मले विचारा, मी सांगतो. साहेब म्हणाले, “आता तुला शिकवूनच आणला असेल. अर्जदाराला स्वतःला माहीत पाहिजे.” तेवढ्यावर पुढची तारीख दिली.

मी फाइल घेऊन व्हरांड्यातून चालले होते. सरपंचबाईंनी मला गाठलं. आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. सरळ विचारलं, “मॅडम, पोरगी तुमच्यापुढं बोलली होती, आमच्यात पोरी तिथं जात नाही म्हणून. तुमी ते लिवलं नाही काय?”

मी म्हटलं, “बघते.”

बघते! सरकारी नोकरीत हा शब्द मी हजारदा वापरला असेल. मला तो शब्द म्हणतानाच कळलं की मला बघायचं नाहीये.

मग पितृपक्ष आला. आमचं घर भोसल्यांच्या काळात नागपुरात आलेलं, तेव्हापासून सगळे लेखणीवर जगणारे, आणि महालय आमच्याकडे अगदी साग्रसंगीत. मी स्वयंपाकघरात वडे तळत होते. बाहेर गुरुजी एकेका पितराचं नाव घेत होते. माझ्या माहेरच्यांची पाळी आली तसं त्यांनी यजमानांना विचारलं, “सासऱ्यांचं गोत्र?”

आमच्या ह्यांनी तिथूनच हाक मारली, “अगं, तुझ्या बाबांचं गोत्र काय?”

मला आठवेना. झारा हातात घेऊन मी उभी. माझ्या सख्ख्या बापाचं गोत्र! लग्न झाल्यापासून सासरचंच म्हणत आले. भावाला फोन लावला, तो उचलेना. बाहेर सगळे खोळंबलेले. शेवटी गुरुजीच म्हणाले, “राहू द्या वहिनी. आठवत नसलं तर काश्यप म्हणायचं. शास्त्रात सोय आहे तशी.”

सगळे हसले. नणंद म्हणाली, “घ्या, हिला माहेरचं गोत्रसुद्धा माहीत नाही.” मीही हसले. आणि हसता हसता मला ती सतरंजीवर बसलेली पोरगी आठवली. आमच्यासाठी सोय आहे. मला माहीत नव्हतं तर कोणी प्रश्नावली काढली नाही, कोणी म्हणालं नाही की ही आपल्यातली नाही. त्या पोरीला तर माहीत नसणं हीच तिच्या घराची रीत होती. तिला ते फडाफडा सांगता आलं असतं, तर तेव्हा खरा संशय घ्यायला पाहिजे होता. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हीच माझी नोकरी. वडे करपले. ह्यांनी आत येऊन विचारलं, “काय झालं? रडून काहून राहिली?” मी म्हटलं, “धूर गेला डोळ्यांत.”

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, मुलीनं उत्तर दिलं होतं, मी लिहिलं नाही.

साहेबांनी दार लावून घेतलं. “असं तोंडी सांगून भागत नाही. लेखी दे. पण लेखी दिलंस की तुझ्यावर चौकशी लागेल हे समजून दे. निवृत्तीला किती दिवस राहिले तुझे? दीड वर्ष ना? कशाला अंगावर घेतेस, बाई?”

मी घरी आले. लेखी दिलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. देवळात गेले, भाजी निवडली, मुलाशी फोनवर बोलले, सगळं केलं. मनात सारखं पेन्शनचं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझं तू ठरव. मला राग आला, वाटलं ह्यांनी तरी नको म्हणावं. चार दिवस मी असे काढले. त्या चार दिवसांत तिकडे काय चाललं असेल हे माझ्या मनातही आलं नाही, हे खरं सांगते.

पाचव्या दिवशी अर्ज लिहिला. एक पान. अर्जदारानं दिलेलं उत्तर माझ्याकडून नोंदवायचं राहिलं, ते उत्तर असं होतं, तिच्या आईचं म्हणणं असं होतं, घरातला जाणता पुरुष त्या दिवशी गावी नव्हता.  साहेबांनी अर्ज घेतला आणि वर, शेवटचा निकाल देणाऱ्या समितीकडे पाठवला.

पुढच्या सुनावणीत समितीनं काकाला आत बोलावलं. काकानं सगळं बरोबर सांगितलं. समितीतले एक जण म्हणाले, मग हे आधीच का नोंदवलं नाही? माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, पण मी खाली पाहत होते. प्रमाणपत्र मंजूर झालं. सह्या होऊन माझ्या टेबलावर आलं तेव्हा कॉलेजची तारीख उलटून दोन दिवस झाले होते. जागा दुसऱ्या कोणाला गेली होती. माझे चार दिवस आणि हे दोन दिवस, हा हिशेब मला कोणी करून दाखवायची गरज नव्हती. माझ्यावर पुढे चौकशी लागली, ताकीद मिळाली, पेन्शनही मिळाली. माझं काही गेलं नाही.

मुलगी प्रमाणपत्र न्यायला एकटीच आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. मी म्हटलं, “माझी चूक झाली. मी तुझं बोलणं लिहायला पाहिजे होतं.”

“हो,” ती म्हणाली.

मी म्हटलं, “पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा दे. आता प्रमाणपत्र आहे हातात, कोणी अडवणार नाही.”

“देईन.” ती प्रमाणपत्राकडे पाहत होती. मग म्हणाली, “मॅडम, साहेब म्हणाले होते ना, अर्जदाराला स्वतःला माहीत पाहिजे. म्हणून दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या दिवशी काकांनी मला सगळं सांगितलं. देवाच्या ठिकाणी काय काय आहे, कोणाचं नाव काय. माझ्याकडून पाठ करून घेतलं. आमच्या घराण्यात आजपर्यंत एकाही पोरीला कोणी सांगितलं नव्हतं. सांगताना काका रडत होते. त्यानंतर ते माझ्याशी नीट बोलत नाहीत. आई म्हणते, बोलतील हळूहळू.”

मी रजिस्टर उघडून तिच्या नावाचं पान शोधू लागले.

“आणि मला कोणी विचारलंच नाही,” ती म्हणाली. “मी बाहेर बसून सारखं म्हणत होते, विसरायला नको म्हणून. तुमचा कागद आला होता ना. काकांनाच विचारलं.”

तो कागद चार दिवस माझ्या पर्समध्ये कोरा पडला होता. पहिल्याच दिवशी दिला असता तर काकालाच विचारणार हा निरोप गावात वेळेत गेला असता, आणि त्याच्यावर ते पोरीला सांगायची पाळी आली नसती. हे तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. तेवढं धैर्य मला झालं नाही.

“मॅडम,” तिनं विचारलं, “जे ऐकायचं नव्हतं ते ऐकलं, तर आता ते विसरायचं कसं?”

मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, “सही इथं कर.”