सुमतीबाईंची नळी

जुने सोबती भेटले की किस्से निघतातच. सिंदेवाहीकडच्या आमच्या प्रयोगशाळेत तर जंतू कमी वाढले, किस्सेच जास्त! हसू मात्र एकाचंही धड येत नाही. प्रयोगशाळा म्हणजे आमच्या प्रमुखांच्या, सबनीस साहेबांच्या, बिऱ्हाडातल्याच पुढच्या दोन खोल्या. झाडापिकांच्या मुळांजवळची माती आणायची, तिच्यातले जंतू वाढवायचे आणि कोण कुठल्या जातीचा ते ठरवायचं, हे आमचं काम.

*

एकदा जंगलातल्या गावात मोहाच्या मुळाशी खणत होतो. एक म्हातारा जवळ आला.

"माती काऊन नेऊन राह्यले, साहेब?"

"हिच्यात जंतू आहेत, भाऊ. जीपमधून नेऊन तपासायचेत."

"माह्या नातीच्या आंगात बी हायेत म्हणते. तिले कोनी जीपमंधी नेत नाई!"

साहेबांनी माती तिथंच ओतली आणि पोरीला जीपमध्ये घेतलं. दवाखाना गाठेपर्यंत उशीर झाला होता.

*

जंतूंना खायला बटाटा लागे. तो उकडायचा, त्याची जेली करायची आणि काचेच्या नळ्यांत भरायची. आमचा शिपाई लक्ष्मणभाऊ त्याला 'जंतूचा सैपाक' म्हणे. साहेबांच्या पत्नी सुमतीबाई तापानं खंगल्या होत्या. त्या म्हणायच्या, "मला नुसती पेज आणि त्यांना बटाटे! पुढच्या जन्मी जंतूच होते बाई!"

*

उन्हाळ्यात नळ्यांतले जंतू पटापट मरायला लागले. घरात वाळ्याचा पडदा एकच. तो बाईंनी आपल्या खोलीतून काढून नळ्यांच्या कपाटाला लावला. तरी महत्त्वाची एकच नळी वाचली. तिच्यात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठच्या रानधानाच्या मुळांतला जंतू होता. पुस्तकातल्या कुठल्याच जातीशी तो जुळत नव्हता. पुन्हा माती आणून पाहिली, पण तो काही परत सापडला नाही. ही नळी जिवंत विलायतेतल्या तज्ज्ञांकडे पोचली, तरच नवी जात ठरणार होती.

साहेबांनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: 'सुमती'.

"जंतूला माझं नाव! शोभतं का?" बाई लाजल्या. पण रोज सकाळी आधी त्याचीच तब्येत विचारायच्या. आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

मृगाच्या आधीच बाई गेल्या. आम्ही साहेबांबरोबर घाटावर गेलो, लक्ष्मणभाऊ घरी थांबला. परत आलो तर पाण्याचा रांजण पालथा घातलेला, चूल सारवलेली, आणि ओट्यावर सगळ्या नळ्या धुऊन वाळत ठेवलेल्या.

"मयतीच्या घरचं शिजलेलं ठेवत नाई, साहेब," लक्ष्मणभाऊ डोळे पुसत म्हणाला. "जंतूचा सैपाक बी फेकला."

साहेब ओट्यापाशी गेले. मग हळूच म्हणाले, "सगळ्या धुतल्यास?"

"साऱ्या, साहेब. बाईच्या नावाची तं दोनदा घासली!"