दोन बकलं

पितळेच्या पॉलिशची डबी उघडली आणि त्या उग्र वासासरशी नव्वदीतली पिंपळवंडीची यात्रा आठवली. फौजेतले वडील सुट्टीवर आले होते, पोलिसातले चुलते बंदोबस्ताला. सकाळी दोघं भाऊ ओट्यावर बसून एकाच डबीतल्या पॉलिशनं आपापल्या पट्ट्याचं बकल घासत होते.

दुपारी बैलगाडा शर्यतीच्या घाटात, धावपट्टीच्या तोंडाशी, आधी कुणाचा गाडा सोडायचा यावरून भांडण पेटलं. मधे पडलेल्या चुलत्यांना एका तरण्या गाडामालकानं थोबाडीत मारली. टोपी धुळीत पडली. चुलत्यांनी काठी उगारली नाही. त्याचा हात तेवढा धरून ठेवला, तो शांत होईपर्यंत.

घरी आल्यावर वडील चिडले. "हातात काठी व्हती ना? आमी तिथंच आडवा केला असता."

"तुमच्या म्होरं दुश्मन असतो, दादा," टोपी झटकत चुलते म्हणाले. "माझ्या म्होरं गाव हाय. उद्या त्याच्या घरी चोरी झाली, तर मलाच जायचंय."

मला चुलत्यांची लाज वाटली होती. शाळेत मी फक्त फौजेतल्या वडिलांचं सांगायचे.

आता दोघंही नाहीत. बकलं माझ्याकडं आहेत. घासायला बसले की हात आधी चुलत्यांच्या बकलाकडं जातो.