मालकाच्या पट्टीतला टेप

मुखेडात बसवंतअप्पाच्या दुकानाला पाटी नाही. विचारलं तर कुणीही सांगतं, "बाजाराच्या तोंडाशी जावा, खेकसणारा म्हातारा दिसंल, त्येचंच." राग अप्पाच्या नाकावर असतो खरा, पण हात सोन्याचा. मोबाइलच्या या जमान्यातही नांदेड-लातुराकडचे जुने रेडिओ, टेप शोधत शोधत त्याच्याकडेच येतात. त्याची खोड एकच, यंत्रात तीळभर दोष असला तरी ते दुकानाबाहेर जाऊ देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "चालतंय अप्पा, द्या आता." अप्पा म्हणतो, "तुमचं चालतंय, माझं न्हाई चालत." लग्नासाठी आणलेला टेप बारशाला परत गेल्याचंही लोक सांगतात. त्यात फार खोटं नसावं.

सरजाबाई आली ती जुन्या लुगड्यात गुंडाळलेला डबल कॅसेटचा टेप काखेत मारून. दोन मोठाले स्पीकर, वर धरायला मूठ, असं ते धूड. एसटीत तिनं ते मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. तिचा नवरा आनंदराज गावाचा गाणारा होता. जयंतीला तो उभा राहिल्याशिवाय ढोलकीवर थाप पडत नसे. तो जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्याचा आवाज एका कॅसेटीत तेवढा उरला होता, आणि टेप मुका झाला होता.

"नातीचं लगीन हाय, आमच्या लुंबिनीचं," ती म्हणाली. "तिनं आज्याला बगितलंच न्हाई. मांडवात त्येचं गाणं वाजलं पायजे. पर कॅसेट मी दुसऱ्याच्या मशिनीत घालत नसते. गुंतली, तुटली तर काय करू?"

"ठिवा. अन् घाई करू नका," अप्पा म्हणाला.

टेप उघडला तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. चाकं फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटलेला. अप्पानं एकेक चाक स्पिरिटनं पुसलं, हैदराबादेहून नवा पट्टा मागवला, स्पीकरचा फाटका कागद सांधला, अँटेना बदलली. मोटरीचा वेग ठरवणारा बारका स्क्रू मात्र पार कोरून निघाला होता. "कुण्या अडाण्यानं हितं खुपसलंय!" अप्पा एकटाच ओरडला. मीटर लावून त्यानं वेग तंतोतंत बसवला, आणि वरून टेप असा पुसला की त्यात तोंड दिसावं.

टेप न्यायला आलेल्या सरजाबाईनं त्या लखलखीत टेपावरून हात फिरवला. पदराच्या गाठीतून कॅसेट काढली, घातली, बटण दाबलं. गाणं सुरू झालं. तिचा चेहरा आधी फुलला, मग हळूहळू उतरला. आवाज बारीक होता, घाईघाईनं पळत होता.

"अप्पा, ह्ये आमचे मालक न्हाईत."

"न्हाईत कसे? कॅसेट तुमचीच हाय. मशीन शंभर टक्के बरोबर हाय."

ती भांडली असती तर अप्पाला बरं वाटलं असतं. भांडणात तो कुणाला हार जात नाही. पण ती स्टुलावर बसली आणि डोळे पुसत म्हणाली, "मीच घालवला म्हणायचा आवाज. आणायचाच नव्हता हितं." काहीतरी बोलायचं म्हणून अप्पानं विचारलं, "गाणं शिकले कुठं तुमचे मालक?"

"ह्याच टेपावर. दुसऱ्याची कॅसेट लावायची अन् तिच्यासंगं म्हणायचं. पर त्या गाणाऱ्याची पट्टी लई उंच, मालकाचा गळा फाटायचा. मग एक दिस टेप पालथा पाडला, आत कायतरी फिरवलं, अन् गाणं खाली उतरून त्येंच्या गळ्यात बसलं. चांगली वस्तू बिघडवून राहिले म्हणून मी लई बोलले त्येंना. पुढं त्येंचं गाणंबी त्याच टेपावर भरलं."

आता अप्पाच्या ध्यानात आलं. हळू केलेल्या टेपावर भरलेला आवाज बरोबर चालणाऱ्या टेपावर पळणारच. ज्याला आपण अडाणी म्हणालो तो हाच गडी, आणि त्याची खूण आपणच पुसली.

आजवर अप्पानं एकही यंत्र जाणूनबुजून बिघडवलं नव्हतं. स्क्रूड्रायव्हर त्यानं एकदा खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग टेप पालथा घातला, झाकण काढलं आणि म्हणाला, "कान देऊन ऐका. मालक आले की सांगा."

त्यानं स्क्रू जरा फिरवला. "अजून," ती म्हणाली. पुन्हा फिरवला. "आणिक जरा." आवाज जड होत गेला, भरत गेला, सावकाश झाला. पुढचं "अजून" काही आलं नाही, म्हणून अप्पानं मान वर केली. सरजाबाई स्टुलावरून उठून उभी राहिली होती आणि तिनं डोक्यावर पदर घेतला होता.

अप्पानं स्क्रूवरचा हात काढला. गाणं शेवटपर्यंत वाजलं.

"बाकीची गाणी ह्याच्यावर रेंगाळत वाजतील, बाई," शेवटी तो म्हणाला.

"वाजू द्या. ती कुठंबी ऐकाय मिळतेत."

अप्पानं फळीवरची लाल रंगाची बाटली काढली आणि स्क्रूवर एक थेंब सोडला.

"ह्ये कशाला?" तिनं विचारलं.

"सुकला की स्क्रू फिरत न्हाई," अप्पा म्हणाला. "पुन्हा कुण्या शहाण्यानं बरोबर करू नये म्हणून."