चौकोनातली सात मिनिटं

सात मिनिटांचा डाव. सातही मिनिटं मी माझ्या चौकोनात उकिडवी बसून होते. मला कुणी खो दिला नाही.

पाठलाग करणारी आमची मुलगी माझ्या पाठीपर्यंत यायची आणि मला सोडून पुढच्या मुलीला खो द्यायची. पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं. मग मागून ऐकू आलं, "तिला नको गं. बंदूक काढेल ती." सगळ्या हसल्या. रेषेवर उभे असलेले सरही हसले.

मी तेव्हा तेरा वर्षांची. गडचिरोलीच्या आतल्या गावातून कोथरूडच्या वसतिगृहात आणलेली. गावाजवळ चकमक झाली तेव्हा बाप मोहफुलं वेचायला गेला होता. त्याला लागली ती गोळी पोलिसांची की नक्षलवाद्यांची, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. असल्या पोरांना खेळातून सावरायचं, असं एका संस्थेने ठरवलं आणि मला इथल्या शाळेच्या खो-खोच्या संघात घातलं.

खोटं कशाला बोलू, खेळाने मला सावरलंच. गावात पळायचं ते जीव वाचवायला. इथे पळताना मी पहिल्यांदा हसले. पण मैदान सोडलं की एकटी. माझी माडिया बोली कुणाला कळत नव्हती. माझी मराठी ऐकून मुली तोंडावर हात ठेवायच्या. रविवारी खिडकीतून बस बघत बसायचे. एकही माझ्या गावाला जाणारी नव्हती.

त्या डावानंतर मी सरांना म्हणाले, "सर, मला खोच दिला नाही."

"जंगलातून पुण्यापर्यंत आणलंय. आता खोसुद्धा ताटात वाढायचा का?"

मी "नको सर" म्हणाले. त्या "नको"ची आजही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यात देणगीदारांसमोर सामना होता. संस्थेच्या मॅडमनी मला पुढे ओढलं, हातात माईक दिला. कानाशी म्हणाल्या, "बाळा, बाबा कसे गेले ते सांग. रडू आलं तर येऊ दे."

समोर खुर्च्या. चेहरे आधीच हळहळलेले. मागे संघ. त्यातल्या एकीनेही आजवर मला गावाचं नाव विचारलं नव्हतं.

रडले असते तर सगळ्यांचं काम झालं असतं.

मी म्हणाले, "बापाचं सांगणार नाही. मी खेळायला आलेय. मला खो द्या."

टाळी नाही. मॅडमनी माईक काढून घेतला. सर म्हणाले, "फार उपकार झाले हो आपले." दुसऱ्या दिवशी संघाच्या यादीत माझं नाव नव्हतं. ते वर्षभर शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला दोन झाडांच्या मध्ये मी एकटीच पळत राहिले. कुणी बघायला नव्हतं. थांबले नाही.

आता मी आमच्या तालुक्यात पोरींना खो-खो शिकवते. एकीचा भाऊ नक्षलवाद्यांनी मारला, एकीचा पोलिसांच्या गोळीने गेला. दोघी शेजारशेजारच्या चौकोनांत बसतात.

परवा पुण्याहून एका संस्थेचा फोन आला. मदत करायची आहे, प्रत्येक मुलीची कहाणी लिहून पाठवा.

"कहाणी मिळणार नाही."

"मग आम्ही मदत कशी करणार?"

"नका करू."

फोन ठेवला. चुना संपलाय, रेषा राखेने आखतो. पण माझ्या मैदानावर येऊन कुणी पोरीला तिचं मेलेलं माणूस विचारलं, तर त्याला दंडाला धरून बाहेर काढीन. मग तो साहेब असो की देणगीदार.