शेवटची पेंडी

चार वर्षं ही गोष्ट माझ्या जिभेवर आहे आणि एकदाही बाहेर आलेली नाही – बाबांपुढे नाही, मैत्रिणीपुढे नाही, कागदावर तर नाहीच. आज तुमच्यापुढे ठेवते. का तुमच्यापुढे? कारण फसवलं ते तुम्हालाच.

तुम्ही मला ओळखत असाल तर त्या पत्रकामुळे. ‘दयेला शनिवारी सुट्टी असते.’ आठ पानं, स्वस्त कागद, आणि मग हजार मोबाइलवर फिरत राहिलेलं. परदेशातून गरिबांची सेवा करायला येणाऱ्या आणि शनिवार उजाडला की जीपमध्ये बसून पळणाऱ्या पाहुण्यांवर मी ते लिहिलं. त्याच्या शेवटच्या पानावर एक प्रसंग आहे. ज्यांनी वाचलं त्यांना तोच आठवतो. मलाही तोच आठवतो – फक्त वेगळा.

पण आधी त्या पाहुण्यांबद्दल बोलू द्या. तेवढं तरी मी खरं लिहिलं होतं.

पवनी तालुक्यातल्या आमच्या आसगावात एका संस्थेनं घर भाड्यानं घेतलं होतं. त्या पावसाळ्यात तिथे पाच जण येऊन राहिले. मी त्यांची दुभाषी. त्यांचा दिवस कसा जायचा, सांगू? सकाळी उकळून, गाळून, परत उकळलेल्या पाण्याचा चहा. मग शाळेत एकच इंग्रजी गाणं, हातवाऱ्यांसकट. आधीच्या तुकडीनंही तेच शिकवलेलं; पोरं पहिल्याच दिवशी घडाघडा म्हणून दाखवायची आणि हे डोळे पुसायचे. दुपारी शाळेची भिंत रंगवणं. ती भिंत तीन वर्षांत चौथ्यांदा रंगत होती, तिच्यावरचं फुलपाखरू दर खेपेला थोडं जाड होत चाललं होतं. संध्याकाळी कुणाच्या तरी वासराच्या गळ्यात हात घालून फोटो. आणि शुक्रवारी दुपारी आमची गरिबी एकदम संपायची. कुणाला नागपूरची कॉफी आठवायची, कुणाला डोंगर. पावसाळ्यात जंगल बंद असतं याचा त्यांना जितका राग आला, तितका शाळेच्या गळक्या छताचा कधी आला नाही.

मी त्यांचा तिरस्कार करत होते. करणारच. माझे बाबा चळवळीतले. आमच्या घरात खेळणी कमी आणि पत्रकं जास्त. सहाव्या वर्षी मी पत्रकाला तीन घड्या घालायला शिकले आणि अड्याळच्या बाजारात भाजीच्या पाट्यांमध्ये एकेक टाकत हिंडले. विसाव्या वर्षापर्यंत शेतमजूर बायांवर माझी स्वतःची तीन पत्रकं झाली होती. गुडघाभर चिखलात मात्र मी एकदाही उतरले नव्हते – हे तेव्हा मला खटकलं होतं का? नाही.

आता क्लारा.

त्या पाचांत ती एकटी वेगळी होती, आणि पत्रकात मी नेमकं हेच गाळलं. पहाटे उठून ती सुमनमामीच्या टोळीबरोबर धान रोवायला जायची. सुमनमामी आमच्या शेजारची; नात्यातली नाही, पण मला बोलता येऊ लागलं तेव्हापासून मामीच. बारा बायांची टोळी ती चालवते. रोवणारीण वाकून मागं मागं सरकत जाते आणि पुढ्यात पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, रांगेत उभी राहत जातात. क्लाराची रांग कधी सरळ गेली नाही. ‘अवं किलारा, मांगं सरक. मांगं,’ मामी ओरडायची. ‘हे पोरगी धान लावून राहिली का रांगोळी काढून राहिली?’ बाया कंबर धरून हसायच्या. क्लाराला काही कळायचं नाही, तीही हसायची. तिनं एक शब्द पक्का केला होता – काहून, म्हणजे का. कशालाही काहून. बेडूक काहून, ऊन काहून. आणि मी? मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन बसायचे. माझं काम बोलण्याचं होतं ना.

मामीच्या टोळीची एक रीत आहे. मोसमातल्या शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, शेवटची पेंडी – पऱ्ह्यांची एक जुडी – टोळीतल्या कुणी लावायची नाही. ज्याला बाया आपलं म्हणतात अशा बाहेरच्या माणसाच्या हातून ती लावून घेतात, मग त्याला मधे बसवून जेवतात. एकदा ती मामीच्या नव्या सुनेला मिळाली. एकदा दवाखान्यातल्या नर्सबाईला. मला कधीच नाही. याचं मला वाईट वाटत होतं का? वाटत असेल तर तेही इथे नोंदवून ठेवते. कारण म्हणून नाही, हिशेबात आणखी एक घाण म्हणून.

त्या शुक्रवारी संध्याकाळी मामी आमच्या कुंपणाशी उभी राहिली. पायाचा चिखल वाळून पांढरा झाला होता. ‘उद्या आटपते वं रोवना,’ ती म्हणाली. ‘किलाराले सांग, शेवटची पेंडी तिच्या हातची. तलावातले झिंगे सांगितले मी, वडेबी करतो. तिले झिंगे लय आवडते.’

मी सांगते म्हटलं.

त्याच शनिवारी जीप पचमढीला निघणार होती. माझी जागा जीपमध्ये होती, पण क्लारा गेली तरच. गावात कुणी मागे राहिलं तर दुभाषीनं त्याच्याबरोबर राहायचं, हा संस्थेचा नियम. ती थांबली तर मीही थांबणार. आणि क्लारानं मला केव्हाच सांगून ठेवलं होतं – रोवणी संपेल त्या दिवशी मी कुठेही जाणार नाही, मामीला विचारून तेवढा दिवस मला कळव.

थंड हवेचं ठिकाण म्हणतात ते मी कधी पाहिलं नव्हतं. दोन आठवडे मी मनातल्या मनात त्या जीपमध्ये बसलेली होते. अंगात घालायला मावसबहिणीचं स्वेटरही मागून आणलं होतं. त्यांच्या सुट्ट्यांवर थुंकणारी मी – स्वेटर घडी करून उशाशी ठेवत होते.

मी क्लाराला म्हटलं, रोवणी मंगळवारी संपणार आहे.

एवढंच वाक्य. किती सहज आलं. आणि शनिवारी सकाळी, जीप उभी असताना, मी धावत मामीकडे गेले आणि म्हटलं – मामी, मी सांगितलं तिला, पण तिला फिरायला जायचं आहे. मामीच्या हातात उडदाचं पीठ होतं. ‘काहून?’ तिनं विचारलं. ‘आमच्या हातचं चालत नाही का तिले?’

मी गप्प राहिले. नाही म्हणायला किती वेळ लागतो? जीपचा हॉर्न वाजला आणि मी निघाले.

पचमढीत मी काय केलं ते सांगितलंच पाहिजे. मजा केली. गरम पाण्याच्या नळाखाली बोटं सुरकुतेपर्यंत उभी राहिले. ढग खिडकीतून आत येतात हे पाहून खुळ्यासारखी हसले. धबधब्यापुढे त्या चौघांबरोबर दात काढून फोटो काढले – ते फोटो पुढे पत्रक लिहायच्या आधी मी एकेक करून पुसले. क्लारानं तिथे मधाची बाटली घेतली. मामीसाठी. मंगळवारच्या जेवणाला नेऊ, म्हणाली.

सोमवारी सकाळी क्लारा बाटली घेऊन बांधीकडे गेली. मी मागे. सगळी बांधी हिरवी, भरलेली. एका कोपऱ्यात हातभर जागा मोकळी, नुसतं पाणी. धुऱ्यावर पेंडी पडली होती, मुळं वाळलेली. मामीनं ती दुसऱ्या कुणाला लावू दिली नव्हती. क्लारा माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, ऊन वाढलं म्हणून त्यांनी लवकर उरकलं असेल.

मामी अंगणात तांदूळ पाखडत होती. क्लारानं बाटली पुढे केली. मामीनं वर पाहिलं नाही. तेव्हा क्लारानं तिला येणारा तो एकच शब्द उच्चारला – काहून?

‘इचारते काहून,’ मामी मला म्हणाली. ‘थंडी हवा खाऊन आली ना, पोट भरलंच असंन तिचं. तिची बाटली तिले देऊन टाक.’

क्लारा वाट पाहत होती. मी भाषांतर केलं – ती दमली आहे, म्हणते नंतर ये. आणि म्हटलं, बाटली माझ्याजवळ दे, मी देते तिला. तो मध मी पोळीला लावून खाल्ला. थंडीपर्यंत पुरला. चांगला होता.

उरलेले तीन आठवडे क्लाराला कुणी हाक मारली नाही. ती शाळेची भिंत रंगवत बसली. जाताना मामीच्या दारापुढे थांबली. दार उघडं होतं, पण आतून कुणी आलं नाही. घरी पोचल्यावर तिनं मला लिहिलं – मामीला विचारशील का, माझं काय चुकलं? मी ते वाचलं. वाचल्याच्या निळ्या खुणा तिला दिसल्या असतील. उत्तर मी दिलं नाही, आजवर.

त्याऐवजी पत्रक लिहिलं. शेवटच्या पानावर ती भिजलेली बांधी, तो मोकळा कोपरा, बारा बाया ताटावर वाट पाहत बसलेल्या, आणि त्या गोऱ्या मुलीच्या तोंडी मी घातलेलं वाक्य – ‘तुमच्या हातचं मला नको.’ माझं मौन मी तिचे शब्द करून छापलं. नाव लिहिलं नव्हतं. आसगावात कुणाला नाव लागतं? नागपुरात माझा सत्कार झाला. एका वक्त्यानं ते पान मोठ्यानं वाचलं आणि सभागृहातल्या बायकांनी डोळे पुसले – पाहुणे त्या इंग्रजी गाण्यावर पुसायचे तसेच. मी शाल घेतली.

मामीला वाचता येत नाही. सुनेनं तिला ते वाचून दाखवलं. पुढच्या पावसाळ्यात रोवणीच्या शेवटच्या दिवशी तिनं मला बांधीवर बोलावलं आणि पेंडी माझ्या हातात ठेवली. ‘तू आपल्यासाठी बोलली वं,’ म्हणाली.

मी चिखलात उतरले. माझी रांग क्लाराच्या रांगेहून वाकडी गेली. कुणी हसलं नाही.

तेव्हापासून शेवटची पेंडी दरवर्षी माझी असते. यंदाही मामीनं निरोप धाडला, यंदाही मी गेले. पेंडी लावली, पाय धुतले, बारा जणींच्या मधे बसले. झिंगे होते. मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.